ओलं फडकं

माझ्या कपाटात निळ्या पुठ्ठ्याची एक लांब वही आहे. तिच्यात माझ्या हातचे तीनशेच्या वर अंदाज लिहिलेले आहेत. प्रत्येक ओळीत तारीख, वेळ आणि पुढं अ, ब, क, ड यांपैकी एक अक्षर. ही अक्षरं बरोबर की चूक हे सांगू शकणारा जगात एकच माणूस होता, आणि तो माणूस असा, की कोऱ्या फळ्यावर लिहिण्याआधीही तो फळा ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचा. सरांना जाऊन आता तीन वर्षं होत आली. वही टाकून द्यावी असं दर दिवाळीच्या साफसफाईला वाटतं, आणि टाकवत नाही.

सर आम्हाला फिजिक्स शिकवायचे. आम्हाला म्हणजे आधी विद्यार्थिनी म्हणून मला, आणि पुढं त्याच कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवायला लागले तेव्हा पुन्हा मलाच. कॉलेज नगरच्या बाहेर, एमआयडीसीच्या अंगाला. मी सोनईहून रोज एसटीनं यायचे. सर मूळचे राजूरचे, पण नोकरीमुळं सावेडीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहिले, ते निवृत्तीला दोन वर्षं उरली तरी तिथंच. मूलबाळ नव्हतं. काकू आणि ते. विद्यार्थ्यांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना अहोजाहो करायचे. मी वर्गातली सगळ्यात लहान मुलगी होते तेव्हाही मला 'मॅडम' म्हणायचे, आणि ती थट्टा नसायची.

वर्गात आले की ते टेबलावर पिशवी ठेवत. पिशवीतून एक प्लॅस्टिकचा डबा निघे, डब्यातून ओलं फडकं. मग फळा वरपासून खालपर्यंत पुसला जाई, शिपाईमामांनी तो दोन मिनिटांपूर्वी पुसलेला असला तरी. तास संपला की पुन्हा तेच. मागच्या बाकांवरची मुलं मोबाईलवर व्हिडिओ काढायची. शेवटी मामांच्या मनाला ते लागलं आणि त्यांनी एक दिवस विचारलं, की सर, मी पुसतो ते तुम्हाला चालत नाही का. सरांनी शांतपणे समजावलं की आधीचा काय ठेवून गेला ते आपल्याला माहीत नसतं, म्हणून आधी पुसायचं, आणि पुढचा कोण येणार तेही माहीत नसतं, म्हणून नंतर पुसायचं. मामा म्हणाले, "पर मी पुसलाय ना सर."

"तुम्ही पुसला असेल. मी बघितलेलं नाही."

मामा आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

असं सगळंच. पाण्याचा पेला प्यायच्या आधी विसळायचा आणि प्यायल्यावर पुन्हा विसळून पालथा घालायचा. स्टाफरूममध्ये बसले की दोन्ही बाजूंची एकेक खुर्ची रिकामी पाहिजे. मीटिंगला खुर्च्या कमी पडल्या तर हे उभे राहत, पण कुणाला लागून बसत नसत. नवीन आलेल्या प्राध्यापकांना वाटायचं की जातीपातीचं काही आहे की काय. तसं काही नव्हतं. ते कुणाच्याही घरी जेवत, पेला विसळून.

एसटीत ते स्वतःसाठी दोन तिकिटं काढत. कंडक्टर लोकांना ते माहीत झालं होतं. एकदा माझ्या घरी लग्न होतं म्हणून ते माझ्याबरोबरच सोनईला यायला निघाले. मी मागच्या सीटवर, ते माझ्या पुढं, शेजारच्या जागेवर त्यांची पिशवी. शेंडी बायपासला एक म्हातारी चढली, डोक्यावर पाटी, पाटीत कोंबड्या. गाडी भरलेली. कंडक्टरनं सरांकडं बघितलं, सरांनी दोन तिकिटं दाखवली. म्हातारी दांडीला धरून उभी राहिली. पाच मिनिटांनी सर उठले, म्हातारीला आणि तिच्या कोंबड्यांना दोन्ही जागा दिल्या आणि स्वतः घोडेगावपर्यंत उभे राहिले. मी माझी जागा देऊ केली तर म्हणाले की नको, तिथं तुमच्या शेजारी माणूस आहे. मला हसू आलं आणि रागही आला.

आणखी एक खोड होती, ती सांगितलीच पाहिजे. कुठं निघालात असं विचारलं की ते तीन उत्तरं द्यायचे. "बँकेत, नाहीतर दवाखान्यात, नाहीतर बाजारात." तिन्हींपैकी एक खरं असे. तब्येत कशी आहे विचारलं तर बरी आहे, बरी नाही आणि ठीक आहे, तिन्ही. मी काकूंना एकदा म्हटलं, तुम्हाला ह्यांचं खरं कोणतं ते कसं कळतं. काकू भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "चपला बघायच्या. बाजारात जायचं असंल तर जुन्या घालत्यात, दवाखान्यात जायचं असंल तर नव्या. तोंडाकडं बघून न्हाई कळत त्यांचं."

ह्या सवयींचं मूळ त्यांनी मला एकदाच सांगितलं. पुण्याला संशोधन करत असताना ते एका प्रयोगशाळेत दुसऱ्या एका मुलाबरोबर काम करायचे. दोघांचा एकच फळा, अर्धा अर्धा वाटून घेतलेला. सर एका शनिवारी सुटीला राजूरला आले आणि फळा पुसायचा राहिला. सोमवारी गेले तर फळा तसाच होता, कुणी काही पुसलं नव्हतं, काही हललं नव्हतं. चार महिन्यांनी त्या मुलाच्या नावानं तेच काम छापून आलं. सर पदवी न घेता परत आले आणि आमच्यासारख्या कॉलेजात पस्तीस वर्षं मुलांना लंबक आणि भिंग शिकवत राहिले. मी त्या मुलाला शिव्या द्यायला लागले तर त्यांनी मला थांबवलं.

"ती चोरी नव्हती, मॅडम. मी फळा पुसला नव्हता."

आता ते यंत्र. क्वांटम कॉम्प्युटर म्हणतात ते यंत्र नगरमध्ये नाही आणि लवकर येईल असंही नाही. ते परदेशात एका मोठ्या कंपनीकडं, आपल्याला कल्पना करता येणार नाही इतक्या थंडीत ठेवलेलं. आपण इथून इंटरनेटवरून काम पाठवायचं, रांगेत थांबायचं आणि उत्तर आलं की उतरवून घ्यायचं. त्याच्या चिपवर क्यूबिट म्हणतात अशा शंभरेक अतिशय नाजूक जागा, त्यांच्यावर सगळी आकडेमोड. एका माणसाच्या कामाला त्यातल्या आठदहा पुरतात आणि बाकीच्या मोकळ्या राहतात. कंपनीनं विचार केला की मोकळ्या जागा वाया का घालवायच्या, एकाच वेळी दोघातिघांची कामं शेजारी शेजारी बसवू. तसं करून बघायला त्यांनी काही कॉलेजांना मोफत खाती दिली. सरांनी अर्ज केला होता, आणि कुणाला काही कळायच्या आत आमच्या कॉलेजाचं नाव त्या यादीत आलं.

सरांनी अर्ज का केला ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं. क्यूबिट इतके नाजूक असतात की शेजाऱ्यानं त्याच्या जागेत काही केलं तरी आपल्याला धक्का बसतो. आपल्या उत्तरात चुका वाढतात. त्या चुका नीट मोजल्या तर शेजारी काय करतोय ह्याचा अंदाज बांधता येतो. दुसरं म्हणजे, एकाचं काम संपल्यावर ती जागा पुसून शून्यावर आणायची असते, आणि ती पूर्ण पुसली जातेच असं नाही. आधीच्याचं थोडंसं मागं राहतं आणि पुढच्याला ते वाचता येऊ शकतं. औषधांच्या कंपन्या, बँका, सरकारं उद्या ह्याच यंत्रांवर आपली गुपितं मांडणार आहेत, आणि शेजारी कोण बसलाय हे कुणालाच माहीत असणार नाही.

सर मला हे सांगत होते ते उभ्यानंच, खुर्चीत बसायचंही विसरून. आयुष्यभर ज्या गोष्टींना लोक हसले त्या सगळ्या ह्या यंत्राच्या बाबतीत अक्षरशः खऱ्या होत्या. आधी पुसा, नंतर पुसा. शेजारच्या जागा रिकाम्या ठेवा. खऱ्या कामात खोटं काम मिसळा, म्हणजे ऐकणाऱ्याला खरं कोणतं ते कळणार नाही. किल्ली, म्हणजे पासवर्ड, कुणाला दाखवू नका. मी त्यांना इतकं आनंदात त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं, की दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये निदान दोन क्यूबिट रिकामे सोडा. कंपनीचं उत्तर आलं, अगदी अदबीचं. रिकाम्या जागा सोडल्या तर यंत्रावर माणसं कमी बसतात, तेव्हा तुमच्याकडं पुरावा असेल तर पाठवा. सर ते उत्तर खिशात घालून दोन दिवस फिरले. मग मला म्हणाले, "आपण पुरावा देऊ. मी घरवाला, तुम्ही चोर."

कॉलेजच्या जुन्या भांडारखोलीत आम्ही दोन कॉम्प्युटर पाठीला पाठ लावून मांडले. रोज सकाळी आठ ते साडेनऊ, तास सुरू व्हायच्या आधी. सरांनी चार प्रकारची कामं तयार केली होती, अ, ब, क, ड. त्यातलं एक ते आपल्या खात्यातून यंत्रावर पाठवत, आणि त्याच वेळी मी माझ्या खात्यातून शेजारच्या जागा घेऊन नुसती कान देऊन बसे. माझ्या उत्तरातल्या चुका बघून मी वहीत अंदाज लिही. अर्ध्या वेळा मध्ये जागा रिकाम्या सोडलेल्या असत, अर्ध्या वेळा नसत. कधी सोडल्यात हेही मला माहीत नसे. सगळं झालं की त्यांच्या खात्यातली यादी आणि माझी वही शेजारी ठेवायची. लागून बसलो तेव्हा माझे अंदाज बरोबर निघाले आणि मध्ये रिकामं होतं तेव्हा फसले, तर सर जिंकले. एवढं साधं होतं ते. ह्यावर जो शोधनिबंध छापायचा त्यावर माझं नाव पहिलं टाकायचं हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. तासिकेवर घासून मला सात वर्षं झाली होती आणि कायम जागेच्या मुलाखतीत दर वेळी विचारत, छापून काय आलंय.

खातं उघडायला पासवर्ड लागे. तो टाकायची वेळ आली की सर म्हणत, "तोंड फिरवा." त्यांच्या पडद्याची पाठ माझ्याकडं असूनही. मी भिंतीकडं तोंड करून बसे, कळफलकाचा आवाज येई, लांबलचक, पंधरा-सोळा वेळा, आणि मग ते म्हणत, "झालं." झालं म्हटलं की वळायचं. त्याआधी नाही. सुरुवातीला मला ह्याचा फार अपमान वाटे. मी काय त्यांचा पासवर्ड चोरणार होते? एकदा तसं म्हणालेही. ते म्हणाले, "तुमच्यावर विश्वास आहे म्हणूनच. उद्या काही झालं तर तुमच्यावर संशय घ्यायला जागा नको." पुढं पुढं मला सांगावं लागेना. ते खुर्ची पुढं ओढायचे आणि मी आपोआप भिंतीकडं वळायचे. बँकेत पुढचा माणूस एटीएमवर उभा असला तरी मी अजून भिंतीकडं तोंड करते.

सव्वा वर्ष असं चाललं. मधेच एकदा मला धास्ती वाटली. सरांचं वय, रक्तदाब, आणि ती यादी फक्त त्यांच्या खात्यात. मी म्हटलं, पासवर्ड कुठंतरी लिहून ठेवा. ते म्हणाले की कागदावर लिहिलं की ते दोघांचं झालं. फोन नंबर खात्याला जोडा म्हटलं तर म्हणाले, ते मागचं दार. मी भांडले. खरंच भांडले, दोन दिवस भांडारखोलीत गेलेच नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी लाख लावून बंद केलेलं एक पाकीट आणलं आणि माझ्यासमोर विभागप्रमुखांच्या कपाटात ठेवायला दिलं. मला हायसं वाटलं. किती मूर्ख होते मी. तीन उत्तरं देणारा माणूस मला माहीत नव्हता का?

मग एका सोमवारी कंपनीची मेल आली. प्रयोग संपत आला आहे, हे यंत्र बंद करून नवीन आणत आहोत, महिनाअखेरीला ह्या यंत्राच्या सगळ्या नोंदी खात्यांमधून पुसल्या जातील, तेव्हा हवं ते उतरवून घ्या. महिना संपायला अठरा दिवस होते. सरांना घाई नव्हती. त्यांना आणखी दोन सकाळी काम करायचं होतं. गुरुवारी उघडू, म्हणाले. गुरुवारी वही घेऊन या, आणि येताना सोनईच्या बाजारातून पेरू आणा.

बुधवारी दुसऱ्या तासाला, तास संपल्यावर फळा पुसता पुसता ते पडले. मामा धावत गेले तेव्हा फडकं हातात तसंच होतं. उजवी बाजू गेली होती आणि वाचा गेली होती.

दवाखान्यात मी रोज जायचे. पहिला आठवडा तर पासवर्डचा विचारही मनात आला नाही, असं मी लोकांना सांगते. ते खरं नाही. दुसऱ्याच दिवशी आला होता, आणि मला माझीच लाज वाटली होती. विभागप्रमुखांच्या कपाटातलं पाकीट आम्ही फोडलं. आत कोरा कागद होता, नीट चार घड्या घातलेला. मला इतका राग आला की मी तो फाडला, आणि मग तुकडे गोळा करून उजेडात धरून बघत बसले की पेन्सिलचं काही पुसट दिसतंय का. काही नव्हतं. खरं पाकीट दुसरीकडं कुठं असेल असं वाटून काकूंनी सावेडीच्या दोन्ही खोल्या पालथ्या घातल्या. शेवटी त्या जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मला चपला बघून कळायचं गं. आता चपलाच न्हाईत त्यांच्या पायात."

कंपनीला मी दोनदा लिहिलं. दोन्ही वेळा तेच उत्तर आलं, तितकंच अदबीचं. खातेदाराखेरीज कुणालाही खातं उघडून देता येत नाही, ते सुरक्षेच्या दृष्टीनं योग्य नाही. सरांनी हे उत्तर वाचलं असतं तर त्यांनी ते लिहिणाऱ्या बाईला शाबासकीच दिली असती.

विभागप्रमुख वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला बसवून चहा दिला आणि म्हणाले, एवढं सव्वा वर्षाचं काम आहे, निष्कर्ष काय येणार ते तुम्हाला माहीत आहे, यादी तुम्ही तयार करा. तुमच्या वहीला जुळेल अशी. कोण तपासणार आहे? मी घरी येऊन खरंच बसले त्या विचारानं. तासाभरात एक यादी झाली, सर बरोबर ठरतील अशी. मग गंमत म्हणून दुसरी केली, सर चूक ठरतील अशी. दोन्ही सारख्याच खऱ्या वाटत होत्या. मी दोन्ही चुलीत घातल्या आणि आईनं विचारलं, काय जाळतेस, तर मी रडायला लागले. माझी कायम जागेची मुलाखत त्या साली झाली, त्याच्या पुढच्या साली झाली, आणि मी अजून तासिकेवरच आहे.

दवाखान्यातून सरांना त्यांच्या थोरल्या भावानं राजूरला नेलं. महिना संपायला तीन दिवस उरले होते तेव्हा काकूंचा फोन आला. सरांना बोलता येत नव्हतं, पण कळत सगळं होतं. "डाव्या हाताच्या बोटानं चादरीवर कायतरी लिवत्यात. मला लागत न्हाई ते. तू ये."

संगमनेरला गाडी बदलून, अकोल्याहून वर चढून मी राजूरला पोचले तेव्हा दुपार झाली होती. हवेत गारठा होता. स्टँडजवळच्या स्टेशनरीच्या दुकानातून मी एक पाटी घेतली आणि पेन्सिलीचं पाकीट. भावाचं घर बाजारपेठेत, माडीवर. पुढच्या खोलीत खिडकीशी खाट, खाटेवर उशांना टेकून बसवलेले सर. उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला. खाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक रिकामी खुर्ची. काकू म्हणाल्या, "त्याबिगर डोळा लागत न्हाई त्यांचा." मी खुर्चीवर बसले नाही, पायथ्याशी जमिनीवर बसले.

मी त्यांना सगळं सांगितलं. पाकीट कोरं निघालं, कंपनीनं नकार दिला, तीन दिवस उरलेत. त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. कळल्याची खूण होती ती. मी पाटी त्यांच्या मांडीवर ठेवली. ते पाटीकडं बघत राहिले, मग डावा हात उचलून तांब्याकडं बोट केलं. काकूंनी पेला भरला. त्यांनी मान हलवली आणि दोरीवरच्या फडक्याकडं बोट केलं. मी फडकं ओलं करून हातात दिलं. दुकानातून नुकत्याच आणलेल्या त्या कोऱ्या पाटीवरून त्यांनी ते वरपासून खालपर्यंत फिरवलं, डाव्या हातानं, सावकाश. मला हसू फुटलं. दोन आठवड्यांत पहिल्यांदा. माझे सर होते ते, सगळेच्या सगळे, आणि आता ते लिहिणार होते. काकूंनी डोळे पुसले आणि चहा टाकायला आत गेल्या.

त्यांनी पेन्सिल धरली. आणि मी तोंड फिरवलं.

मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी हातही हलवला नव्हता. पेन्सिल पाटीला लागली आणि मी आपली खिडकीकडं वळले. खाली समोरच्या दुकानात एकजण पेढे तोलत होता. मागून पेन्सिलीचा आवाज येत होता, अडखळत, पण येत होता. मी मोजत होते. दहा, अकरा, बारा. पंधराच्या पुढं आवाज थांबला. आता ते झालं म्हणतील आणि मी वळेन, म्हणून मी थांबले. पेढेवाल्यानं पुडा बांधला. मी थांबूनच होते. त्यांना बोलता येत नाही हे माझ्या ध्यानात आलं ते ओल्या फडक्याचा आवाज ऐकल्यावर.

वळले तेव्हा पाटी काळीभोर होती, ओली. फडकं घडी करून तिच्या कडेला ठेवलेलं होतं. मी पेन्सिल पुन्हा त्यांच्या हातात दिली, बोटं धरून दिली. एक तिरकी रेघ उमटली आणि पेन्सिल खाली पडली. संध्याकाळी तसंच झालं आणि दुसऱ्या दिवशी तर त्यांना पाटी ओळखूच आली नाही. डॉक्टर म्हणाले असं येतं आणि जातं. तिसऱ्या दिवशी कंपनीनं सगळं पुसलं. सर त्यानंतर चार महिने होते, पण पुन्हा काही लिहिलं नाही.

मी वळले त्या क्षणी मात्र ते माझ्याकडंच बघत होते. चेहऱ्याची उजवी बाजू हलत नव्हती. डाव्या बाजूनं ते हसत होते. शिकवलेलं विद्यार्थिनीला नीट आलं की मास्तर हसतात तसं.